केशरेषा मागे सरकली, म्हणून केशरोपण करावे काय?

पंचविशीच्या आसपास कधीतरी तरुणाच्या लक्षात येते, की आपले कपाळ पूर्वीपेक्षा मोठे दिसू लागले आहे. दहावीच्या ओळखपत्रावरचे छायाचित्र आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवले, की कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेलेले स्पष्ट दिसतात. टक्कल पडण्यास प्रारंभ झाला, अशी बहुतेकांची समजूत होते आणि पुढची पायरी म्हणजे केशरोपणाची चौकशी. लग्नाची बोलणी सुरू असतील, तर ही चौकशी घरातील मंडळीही करतात. वस्तुतः यांपैकी अनेकांना टक्कल पडत नसते. त्यांची केशरेषा केवळ प्रौढ झालेली असते. हा भेद न ओळखता केलेली शस्त्रक्रिया पुढे वीस-पंचवीस वर्षे त्रासाची ठरू शकते, म्हणून निर्णयापूर्वी त्यामागील शरीरशास्त्र आणि गणित समजून घेणे इष्ट होय.

प्रौढ केशरेषा म्हणजे काय?

लहान मुलांची आणि बहुतेक स्त्रियांची केशरेषा खाली, गोलाकार आणि सलग असते. भुवया उंचावल्यावर कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्यांतील सर्वांत वरच्या आठीला ती जवळजवळ टेकलेली असते. वयात आल्यानंतर, साधारणतः सतरा ते तीस या वयात, पुरुषांची केशरेषा त्या आठीपासून सुमारे एक ते दीड सेंटिमीटर वर जाते. कोपरे थोडे अधिक आत सरकतात आणि गोलाईची जागा इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा सौम्य आकार घेतो. त्यानंतर ती बहुधा तेथेच स्थिरावते. आवाज फुटणे, दाढी येणे यांच्याच मालिकेतील हा बदल आहे. यास रोग म्हणता येणार नाही.

या बदलामागे पुरुषी संप्रेरके आहेत, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले. वयात येण्यापूर्वीच वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, परंतु टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टकलाची परंपरा असलेल्यांचे केस गळू लागतात, असे त्यांना आढळले. 1951 मध्ये त्यांनी केस मागे हटण्याच्या अवस्थांचे वर्गीकरण केले. ओटार नॉरवूड यांनी 1975 मध्ये ते सुधारले आणि आज जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ तेच वापरतात. या वर्गीकरणातील पहिली अवस्था ही मुलाची केशरेषा, दुसरी ही बहुतांशी प्रौढ केशरेषा आणि खऱ्या अर्थाने टक्कल म्हणावे अशी स्थिती तिसऱ्या अवस्थेपासून सुरू होते. डॉक्टरांनी ‘तुमची दुसरी पायरी आहे’ असे सांगितले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही, हा त्याचा अर्थ.

1974 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे विकर जन्मतःच कमी होते. त्यांना टक्कल तर पडत नव्हतेच, शिवाय त्यांचे कपाळाचे कोपरेही मागे सरकले नव्हते. केस गळण्यावरील फिनास्टेराइड हे औषध याच निरीक्षणाच्या वाटेने आले.

आपल्याकडे मागील पिढ्यांना हा प्रश्न पडलाच नाही, यामागे एक साधे कारण आहे. पेशवाईत आणि नंतरही बराच काळ पुरुष डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे शेंडी व घेरा ठेवीत आणि त्यावर पगडी, पागोटे किंवा रुमाल असे. केशरेषा कोठे आहे, हे पाहण्याचा प्रसंगच येत नसे. टक्कल पडलेला मनुष्य सहसा निर्धन नसतो, ही समजूतही दिलासा देण्यास होतीच. कपाळावरील केसांना आलेले महत्त्व आरसा, छायाचित्र आणि आता भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याचे अपत्य आहे. त्यातही हा कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळून छायाचित्र घेत असल्याने कपाळ आहे त्याहून मोठे दिसते, हे लक्षात ठेवावे.

फरक कसा ओळखावा?

भुवया उंचवाव्यात आणि सर्वांत वरच्या आठीपासून केसांपर्यंतचे अंतर बोटाने मोजावे. एक ते दीड बोट अंतर असेल, कोपरे दोन्ही बाजूंना साधारण सारखे असतील आणि कडेचे केस मागच्या केसांइतकेच जाड असतील, तर ती प्रौढ केशरेषा असण्याचा संभव अधिक. याउलट कडेला बारीक, फिकट, आखूड केसांची लव दिसत असेल, मध्यावरचा भाग विरळ होत असेल, भोवऱ्यापाशी त्वचा दिसू लागली असेल किंवा एका वर्षात केशरेषा पुन्हा मागे गेली असेल, तर आनुवंशिक केसगळतीची शंका घ्यावी. केस गळून पडण्यापूर्वी ते पिढीगणिक बारीक होत जातात, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण आहे. त्वचारोगतज्ज्ञ ट्रायकोस्कोप नावाच्या भिंगाने ते पाहू शकतात. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक केसांबाबत तफावत आढळली, तर निदान बळावते. ही तपासणी वेदनारहित असून काही मिनिटांत होते. ती न करताच किती ग्राफ्ट लागतील याचा आकडा सांगणाऱ्या केंद्रातून सरळ उठून यावे.

दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. विषमज्वर, डेंग्यू, कोविड किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात, परंतु ते बहुधा सहा महिन्यांत परत येतात. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांचीही तपासणी करून घ्यावी. चाई किंवा केशमुळे नष्ट करणारे त्वचाविकार सक्रिय असताना रोपण केले, तर रोवलेले केसही जातात. स्त्रियांमध्ये कपाळ वाढत असेल, तर घट्ट अंबाडा व वेणीचा ताण आणि रजोनिवृत्तीनंतर उद्भवणारा व्रणकारी विकार, ही दोन कारणे आधी तपासावी लागतात.

यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन म्हणजे छायाचित्रांची वही. दर सहा महिन्यांनी, एकाच खिडकीशी, त्याच वेळी, कोरडे केस मागे विंचरून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून छायाचित्रे घ्यावीत. दीड वर्षात चार संच होतात. त्यांत फरक नसेल, तर केशरेषा स्थिर आहे, हे सांगण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज उरत नाही.

मर्यादित ठेव

केशरोपणात नवा केस निर्माण होत नाही. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातील केस पुढे आणून लावले जातात, इतकेच. तेथील केसांवर डीएचटीचा परिणाम होत नाही आणि जागा बदलली तरी त्यांचा हा गुण टिकतो. जपानमधील डॉ. शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये प्रामुख्याने भाजल्याच्या व्रणांवर अशी रोपणे केल्याचे प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी 1950 च्या दशकात पुरुषी टकलासाठी ती पद्धत रूढ केली. त्या काळी सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे गुच्छ लावले जात आणि डोके बाहुलीच्या केसांसारखे दिसे. केस त्वचेत एक, दोन किंवा तीनच्या नैसर्गिक गटाने उगवतात. 1990 च्या दशकात हे गट सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून लावण्यास प्रारंभ झाला, तेव्हा या शस्त्रक्रियेस नैसर्गिक रूप आले. अशा एका गटास ग्राफ्ट म्हणतात. मागील त्वचेची पट्टी कापून ग्राफ्ट काढण्याच्या पद्धतीस एफयूटी, तर सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या नळीने एकेक ग्राफ्ट काढण्याच्या पद्धतीस एफयूई म्हणतात. पहिलीत एक लांब व्रण राहतो, दुसरीत शेकडो ठिपक्यांएवढे व्रण. ‘व्रणच राहत नाही’ ही जाहिरात खरी नव्हे.

मागच्या भागातून आयुष्यभरात सुरक्षितपणे काढता येणारे ग्राफ्ट सर्वसाधारण माणसात सुमारे पाच ते आठ हजार असतात. ही ठेव एकदाच मिळते, तिच्यावर व्याज नाही. कपाळावर एक सेंटिमीटर उंचीची आणि पंधरा सेंटिमीटर रुंदीची पट्टी भरावयाची, तर दर चौरस सेंटिमीटरला चाळीस या हिशेबाने सहाशे ग्राफ्ट लागतात. कोपरे भरले, की हा आकडा सहज हजार-बाराशेवर जातो. ठेव सहा हजारांची असेल, तर तिचा पाचवा हिस्सा पंचविसाव्या वर्षी खर्च झाला. पुढे चाळिशीत टक्कल पूर्ण वाढले, तर उघडा पडणारा भाग दोनशे चौरस सेंटिमीटर किंवा अधिक असू शकतो. त्याच घनतेने तो भरण्यास आठ हजार ग्राफ्ट हवेत. तेवढे ते नसतात.

खरा धोका याहून वेगळा आहे. पंचविशीत खाली आणलेली केशरेषा तेथेच राहते आणि तिच्यामागचे मूळचे केस मात्र आनुवंशिकतेनुसार गळत जातात. परिणामी कपाळावर केसांचा एक पट्टा आणि त्यामागे मोकळे रान, असे विचित्र दृश्य तयार होते. त्यास झाकण्यासाठी दुसरी, मग तिसरी शस्त्रक्रिया येते. डोके पूर्ण भादरून मोकळे व्हावे, तर मागचे व्रण दिसतात. नुसते टक्कल पडलेला माणूस याहून सुखी. त्यामुळे पंचविशीच्या आतील तरुणास, केवळ प्रौढ केशरेषेसाठी, हाडाचा शल्यविशारद सहसा नकार देतो. हा नकार म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाची खूण समजावी.

मुंबईतील 2019 ची घटना

ही शस्त्रक्रिया डोक्याच्या कातडीपुरती असल्याने तिला ‘किरकोळ’ म्हटले जाते. मार्च 2019 मध्ये मुंबईतील 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाने मध्य मुंबईतील एका केंद्रात केशरोपण करून घेतले. एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार केस रोवल्याचे आणि ते काम बारा तासांहून अधिक चालल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. घरी परतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर व गळ्यावर सूज आली, श्वास लागू लागला आणि पवईतील रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला होता. पुढे कानपूरमध्ये नोव्हेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये दोन अभियंत्यांचे केशरोपणानंतर मृत्यू झाले. असे प्रसंग विरळ असतात, हे खरेच. परंतु ज्यास कोणताही आजार नाही, त्याने विरळ धोकाही कशासाठी पत्करावा, याचे उत्तर रुग्णाजवळ असले पाहिजे.

धोका कोठून येतो, तेही पाहू. भूल देण्यासाठी लिग्नोकेन टोचले जाते. ॲड्रिनलीनसह दिल्यास त्याची सर्वसाधारण कमाल मात्रा वजनाच्या दर किलोस सात मिलिग्रॅम धरतात. सत्तर किलोच्या माणसास 490 मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे जेमतेम पंचवीस मिलिलिटर. बैठक लांबली, की पुनःपुन्हा टोचावे लागते आणि मर्यादा ओलांडली, तर झटके येणे, हृदयाची लय बिघडणे असे परिणाम संभवतात. ग्राफ्टच्या संख्येवर आकारणी होत असल्याने बैठक लांबविण्याकडे केंद्राचा कल असणे स्वाभाविक आहे. एका दिवसात किती ग्राफ्ट, हा प्रश्न म्हणून पैशाइतकाच प्रकृतीचाही आहे.

रेवससारख्या गावातील माणसाने या घटनेकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकावरील हे बंदर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचने जोडलेले आहे. सकाळी मुंबईत जाऊन शस्त्रक्रिया करावी आणि संध्याकाळच्या लाँचने घरी परतावे, हा बेत नकाशावर सोपा दिसतो. पण मध्यरात्री गळा सुजू लागला, तर धक्क्यावर लाँच नसते. रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटरवर अलिबागचे जिल्हा रुग्णालय, किंवा मुंबईसाठी पेणवरून मोठा वळसा. तीव्र ॲलर्जीत ॲड्रिनलीनचे इंजेक्शन मिनिटांच्या हिशेबाने द्यावे लागते. तेव्हा खाडीपलीकडच्या माणसाने शस्त्रक्रियेनंतरच्या दोन रात्री मुंबईत, रुग्णालयाच्या जवळ काढाव्यात, ही अट स्वतःवरच घालून घ्यावी. मांडवा, किहीम, आवास येथील सुट्टीच्या बंगल्यात ‘विश्रांतीसाठी’ जाणाऱ्या मुंबईकरांनाही हे तितकेच लागू आहे.

औषधांचे काय?

केशरेषा केवळ प्रौढ झाली असेल, तर औषधाची आवश्यकता नाही. आनुवंशिक केसगळतीचे निदान झाले असेल, तर मात्र शस्त्रक्रियेआधी औषधांचा विचार करावा. कारण रोपणाने मूळच्या केसांची गळती थांबत नाही. मिनॉक्सिडिलचे डोक्यास लावण्याचे द्रावण अमेरिकेत 1988 मध्ये आणि फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये संमत झाली. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचण्यांत फिनास्टेराइड घेणाऱ्या 83 टक्के पुरुषांच्या भोवऱ्याजवळील केसांची संख्या घटली नाही. औषधाविना हे प्रमाण 28 टक्के होते. या चाचण्या भोवऱ्यावरील आहेत, हे ध्यानात घ्यावे. कपाळाच्या कोपऱ्यांवर दोन्ही औषधांचा प्रभाव पुष्कळच कमी पडतो. औषध बंद केले, की लाभही काही महिन्यांत ओसरतो. काही पुरुषांत कामेच्छा कमी होणे, नैराश्य असे परिणाम दिसतात. युरोपीय औषध नियामकांनी 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. ती दुकानातून आपल्या मनाने आणून घेण्याची वस्तू नव्हे. पीआरपी इंजेक्शनांच्या मालिका फार विकल्या जातात. त्यांचा पुरावा मात्र अद्याप एकसारखा नाही.

शस्त्रक्रिया कोणास योग्य?

वय तिशीच्या पुढे, गळती किमान वर्षभर स्थिर, वडील व मामा-आजोबांच्या टकलाची पद्धत माहीत, मागची घनता चांगली आणि अपेक्षा माफक, अशा पुरुषाने कोपरे सौम्य करून घेतले, तर समाधान मिळू शकते. जन्मतःच कपाळ फार उंच असणाऱ्यांचा, तसेच भाजल्याचा किंवा अपघाताचा व्रण असणाऱ्यांचा प्रश्नही वेगळा आहे. भुवयांच्या मध्यापासून केशरेषेचा मध्यबिंदू साधारणतः सात ते दहा सेंटिमीटरवर ठेवतात. याहून खाली रेषा आखून देण्याचे आश्वासन मिळत असेल, तर ते साठाव्या वर्षी कसे दिसेल, असे विचारावे. पहिल्या ओळींत एकेकटा केस, मागे दुहेरी, रेषा किंचित वेडीवाकडी आणि कोपरे थोडे उघडे, हे चांगल्या कामाचे लक्षण. पट्टीने आखल्यासारखी रेषा दुरूनही ओळखू येते. दिवसातून अनेकदा आरसा पाहणे, टोपीविना बाहेर न पडणे, कपाळामुळे कामावर न जाणे, असे होत असेल तर प्रथम मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. अशा व्यक्तीचे समाधान उत्तम शस्त्रक्रियेनेही होत नाही.

डॉक्टर कोण, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया व केशरोपणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्लास्टिक सर्जरी किंवा शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणासह त्वचारोगशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर शिक्षण त्यांत अपेक्षिले आहे. कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असेही त्यांत बजावले आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येते. ग्राफ्ट कोण काढणार, छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असतील, प्राणवायू व आपत्कालीन औषधे कोठे ठेवली आहेत, भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत काय, हे विचारण्यात संकोच नको. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे आणि पूर्वीची ॲलर्जी ही माहिती लेखी द्यावी. खर्चाच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. आरोग्यसेवेस वस्तू व सेवा करातून असलेली सूट, व्यंग किंवा दुखापत यांखेरीजच्या केशरोपणास मिळत नाही. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमाही सहसा देत नाही.

नंतरचे दिवस

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ व डोळ्यांभोवती सूज उतरते, दहा दिवसांत खपल्या पडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळतात आणि अनेकांचे धैर्य येथेच खचते. वस्तुतः मुळे आत शाबूत असतात. नवे केस तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, रूप यावयास नऊ ते बारा महिने लागतात. लग्न तीन महिन्यांवर आले असताना केलेले रोपण, मांडवात सर्वांत वाईट अवस्थेत असते.

पहिले काही दिवस ग्राफ्ट अगदी हलक्या धक्क्यानेही निखळतात. त्यामुळे हेल्मेट सुमारे दहा दिवस घालता येत नाही, अर्थात दुचाकीही नाही. समुद्रात पोहणे आणि तरणतलाव महिनाभर वर्ज्य. किनाऱ्यावरचे ऊन, खारा वारा आणि घाम हे तिन्ही ताज्या व्रणास बाधक आहेत. रेवस-बोडणी भागातील बोटीवर जाणाऱ्या माणसास किमान दोन-तीन आठवडे दर्यावर जाता येणार नाही, हे आधीच जमेस धरावे. जून-जुलैमधील मासेमारीबंदीचा काळ त्यासाठी सोयीचा वाटतो. परंतु त्याच दिवसांत हवा दमट असते, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या होण्याचा संभव वाढतो आणि तपासणीस मुंबईला जाण्याची लाँच हवामानावर अवलंबून असते. गणपतीनंतर कामातून सवड काढणे शक्य असेल, तर ते बरे. पू, ताप, वाढती वेदना किंवा त्वचेचा काळसर रंग दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.